मळ्यातल्या ताज्या पालेभाजीचे मोमो: सारणाला पाणी सुटतं, तळ फाटतो

मळ्याची_वाट

नाशिकजवळच्या गिरणारे बाजूच्या मळ्यातून दर आठवड्याला पालक, मेथी, शेपू आणि कांद्याची पात घरी येते, आणि येते ती एकदम ढीगभर. त्यातले मोमो करायचे आहेत, पण प्रत्येक वेळी तोच घोळ होतो. प्रमाण लिहिते, म्हणजे चूक कुठे आहे ते सांगता येईल.

मैदा २ वाट्या, मीठ, पाणी अंदाजाने. पोळीच्या कणकेइतकं सैल भिजवून १० मिनिटं झाकून ठेवते. सारणाला पालक १ जुडी, मेथी अर्धी जुडी, पात ४-५ काड्या, सगळं कच्चंच बारीक चिरून. त्यात आलं-लसूण-मिरची, मीठ, थोडं किसलेलं पनीर. मोदकपात्रात १८ ते २० मिनिटं वाफ.

सारण कालवल्यावर पाच मिनिटांत ताटात हिरवं पाणी जमतं. शेवटचे आठ-दहा मोमो भरताना तर भाजी कमी आणि पाणीच जास्त. वाफवल्यावर तळ चाळणीला चिकटून फाटतो आणि वर चुण्यांपाशी मात्र पीठ कच्चं लागतं. पालक काळपट, मेथी कडू. कोबी-गाजराच्या सारणाला एवढा त्रास होत नाही.

पालक उकळत्या पाण्यातून काढावा की नुसता मीठ लावून पिळावा? शेपू चालेल का? घरात सासऱ्यांना मैदा चालत नाही, त्याला काही पर्याय? आणि भाजी एकदम येते तर मोमो करून फ्रीजरमध्ये ठेवता येतील का?

---

वाफाळ

ताई, तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. भाजी मळ्यातून थेट येते, म्हणून पाणी जास्त सुटतं. बाजारातली जुडी तोडल्यापासून तुमच्या विळीपर्यंत यायला एक दिवस जातो, तेवढ्यात पान थोडं मलूल होऊन पाणी गमावतं. पालकात मुळात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी, त्यात आदल्या संध्याकाळी पाणी भरलेल्या वाफ्यातली भाजी म्हणजे पान अगदी टचटचीत. बाजारच्या भाजीवर बेतलेलं प्रमाण तिला लावलं की फसणारच. म्हणून निवडलेली भाजी धुण्याआधी सुती फडक्यावर सावलीत दीड-दोन तास पसरून ठेवा. पान वाकवलं की कट्‌कन तुटायच्या ऐवजी लवायला लागलं की घ्यायची.

दुसरं म्हणजे सगळ्या पालेभाज्यांना एकच नियम लावू नका. तिन्हींचं वेगवेगळं आहे.

पालक उकळत्या पाण्यातूनच काढायचा, नुसतं मीठ लावून भागत नाही. २ लिटर पाणी खळखळ उकळा, त्यात १ चमचा मीठ, आणि निवडलेली ४०० ग्रॅम पानं दोन हप्त्यांत टाका. प्रत्येक हप्त्याला ३० सेकंद, त्याहून जास्त नको. झाकण ठेवायचं नाही. पानातली आम्लं वाफेबरोबर उडून जायला हवीत, झाकणाखाली कोंडली की हिरव्याचा शेवाळी रंग होतो. झाऱ्याने काढून लगेच गार पाण्यात. मग मूठ-मूठ घेऊन पिळायचा आणि शेवटी फडक्यात बांधून पुन्हा एकदा पिळायचा. ४०० ग्रॅमचा साधारण १८० ग्रॅमचा गोळा उरतो. चिरायचा तो पिळल्यानंतर. आधी चिरून उकळत्या पाण्यात टाकलात तर चव पाण्यात जाते आणि हातात चोथा उरतो. ज्या पाण्यात पालक उकळला ते कणकेत वापरू नका, ओतून द्या. पालक खाल्ल्यावर दातांना जो चरचरीतपणा लागतो त्या ऑक्झॅलिक आम्लाचा बराच भाग त्या पाण्यात उतरलेला असतो.

मेथीला उकळतं पाणी दाखवू नका, वास जातो. फक्त पानं घ्या, कोवळा शेंडा चालेल, देठ नको. १२० ग्रॅम पानं चिरून त्यावर पाव चमचा मीठ चोळा, १० मिनिटं ठेवा, पिळा. कडूपणाचा मोठा भाग त्या पाण्यात जातो. फूल यायला लागलेली मेथी असेल तर कितीही पिळा, कडवटच राहणार. ती भाजीला किंवा ठेपल्याला ठेवा.

पातीला यांतलं काहीच करायचं नाही. पांढरा भाग आणि पात मिळून ८० ग्रॅम, बारीक चिरून त्यावर १ मोठा चमचा तेल घालून हाताने चोळा. चिरलेल्या कडांवर तेलाचा थर बसला की मीठ लगेच आत शिरत नाही आणि पाणी उशिरा सुटतं. चीनमध्ये घरोघरी पालेभाजीच्या सारणाला हीच युक्ती करतात, आधी तेल आणि मीठ अगदी शेवटी.

आता कालवायचा क्रम. पालक, मेथी, तेल लावलेली पात, मग १०० ग्रॅम पनीर (किसलेलं नको, हाताने कुस्करलेलं), १ चमचा आलं, ६-७ लसूण पाकळ्या, २ मिरच्या, पाव चमचा मिरेपूड, आणखी १ मोठा चमचा तेल. चव घेऊन मीठ. मेथीत मीठ आहे हे विसरू नका, सोया सॉस घालणार असाल तर तोही खारटच असतो. मीठ एकदम सगळ्या सारणात घालण्यापेक्षा निम्म्या सारणात घाला, ते भरून संपलं की उरलेल्यात. तुमचे शेवटचे दहा मोमो वाचतात ते एवढ्यानेच.

इतकं करूनही ओलसर वाटलं तर १ मोठा चमचा भाजलेलं बेसन. दोन चमचे केलंत की आत पिठलं होतं, सांगून ठेवतो.

रंगाचं कारण मात्र २० मिनिटांची वाफ. पालक आधीच शिजलेला, पनीरला शिजायची गरजच नाही. शिजायचं आहे ते फक्त वरचं पीठ, त्याला ८ मिनिटं पुरतात.

---

पोळपाट_लाटणं

वाफाळ यांनी सारण सांगितलं, मी आवरणाचं लिहिते. तळ फाटण्याचा दोष सगळा पाण्यावर ढकलू नका, अर्धा दोष पिठाचा आहे.

"पोळीच्या कणकेइतकं सैल" ही पहिली चूक. पोळी तव्यावर वाळते, मोमो वाफेत आणखी ओला होतो. पीठ पुरीच्या कणकेपेक्षाही किंचित घट्ट हवं. मोजून करा. २५० ग्रॅम मैद्याला अर्धा चमचा मीठ आणि गार पाणी १२५ ते १३० मिली, हे उकळून खायच्या प्रकाराला. वाफवायचे किंवा तव्यावर करायचे असतील तर गरम पाण्याचं पीठ जास्त चांगलं. नुकतंच उकळलेलं १०० मिली पाणी मैद्यावर फिरवत ओता, चमच्याने ढवळा, रवाळ गोळे झाले की ४० ते ५० मिली गार पाण्याने मळून घ्या. गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो, पाणी धरून ठेवतो आणि चिवटपणा कमी होतो. लाटलेली पारी आखडत नाही आणि वाफवल्यावर मऊ राहते. पण हेच पीठ उकळत्या पाण्यात सोडलं तर गळून जातं. दोन्हींची अदलाबदल करू नका.

१० मिनिटांचा विसावा फार कमी. ८ मिनिटं मळा, अर्धा तास ओल्या फडक्याखाली ठेवा, परत १ मिनिट मळा, आणखी १५ मिनिटं ठेवा. मग बोट दाबलं की खळगा हळूहळू भरून येतो. लगेच भरून आला तर अजून थांबा.

वर दिलेल्या सारणाला एवढं पीठ बरोबर पुरतं. ११ ते १२ ग्रॅमच्या लाट्या केल्या की बत्तीस-तेहतीस होतात, लिंबाच्या निम्म्याहून थोडी लहान लाटी. ८ सेंटीमीटरची पारी, आणि कडा पातळ, मध्य जाड. डाव्या हाताने पारी फिरवत उजव्या हाताने छोटं लाटणं कडेपासून मध्यापर्यंतच न्यायचं आणि मागे आणायचं, मध्यावरून पार करायचं नाही. मधे जाड राहिलं की तळ फाटत नाही. कडा पातळ असली की चुण्या पडूनही पीठ साचत नाही. तुमचं वरचं टोक कच्चं राहतं ते हे न केल्यामुळे. सपाट लाटलेल्या पारीला चुण्या घातल्या की शेंड्यावर पाच-सहा पदर एकत्र येतात. मोठी पोळी लाटून वाटीने चकत्या पाडू नका, त्यात कडा आणि मध्य एकसारखेच जाड राहतात.

सारण १४ ग्रॅम, म्हणजे पोह्यांच्या चमच्याने एक भरगच्च चमचा. कडेला सारणाचं तेल लागलं तर ती चिकटत नाही, तिथेच उघडते. बोटाला थोडा कोरडा मैदा लावून कड पुसून घ्या.

भरलेला मोमो पिठी भुरभुरलेल्या ताटात ठेवायचा आणि पंधरा मिनिटांच्या आत वाफेवर. तेहतीस एकदम भरून मग गॅस पेटवायचा, हे पालेभाजीच्या सारणाला झेपत नाही.

---

मळ्याची_वाट

दोघांचेही आभार. वजनकाटा नाही, वाटीने सांगाल का? आणि मोदकपात्राच्या झाकणावरून पाणी ठिबकतं, त्याचं काय करायचं?

---

पोळपाट_लाटणं

२०० मिलीची वाटी न दाबता सपाट भरलीत तर मैदा ११० ते १२० ग्रॅम बसतो. म्हणजे २ वाट्या आणि वर दोन मोठे चमचे घ्या. गार पाणी त्याच वाटीने पाऊण वाटीला जरा कमी. चाळणीतून चाळलेला मैदा वाटीत कमी बसतो, त्यामुळे आधी मोजा, मग चाळा. पालकाला मात्र वाटी लावू नका. पिळलेला गोळा मोठ्या संत्र्याएवढा झाला म्हणजे पुरे.

झाकणाला सुती पंचा बांधा, गाठ वर घ्या, टोकं गॅसकडे लोंबू देऊ नका. पाणी आधी उकळून वाफ जोरात आल्यावरच मोमो ठेवायचे. चाळणीत तेल लावलेलं केळीचं किंवा कोबीचं पान, आणि दोन मोमोंमध्ये बोटभर जागा. ८ मिनिटांनी गॅस बंद, झाकण काढा, १ मिनिट तसंच राहू द्या, मग उचला. वाफेतून काढल्या काढल्या पीठ फार चिकट असतं, मिनिटभरात पृष्ठभाग सुकतो आणि तळ अलगद सुटतो. घाई केली की नीट झालेला मोमोसुद्धा फाटतो.

---

उकड

मैदा नको असणाऱ्यांसाठी. गव्हाच्या कणकेचे होतात, त्यात नवल काही नाही. नागपंचमीची दिंडं म्हणजे कणकेच्या पारीत पुरण घालून वाफवणंच की. कोंड्याचे कण पीठ ताणताना धाग्यांना कापतात, म्हणून कणकेची पारी मैद्याइतकी पातळ लाटली तर वाफेत तडकते. कणीक बारीक चाळणीतून दोनदा चाळा, २५० ग्रॅमला गरम-गार मिळून १६५ ते १७० मिली पाणी, १ चमचा तेल, आणि पाऊण तास झाकून. लाटी १४ ग्रॅमची करा, चुण्या घालू नका, करंजीसारखी अर्धी दुमडून दाबा. वाफ १० मिनिटं. निम्मी कणीक आणि निम्मा मैदा केलात तर चुण्याही जमतात, पण सासऱ्यांचा प्रश्न तसाच राहतो.

त्याहून मला आवडते ती तांदळाची उकड. १ वाटी मोदकाची पिठी, १ वाटी पाणी, १ चमचा तेल, पाव चमचा मीठ. पाणी उकळलं की पिठी घालून ढवळा, झाकण ठेवून मंद गॅसवर २ मिनिटं, गॅस बंद करून ५ मिनिटं, मग गरम असतानाच तेला-पाण्याचा हात लावून मळा. जोडीला आतमध्ये हेच पालक-पनीरचं सारण. इगतपुरीचा इंद्रायणी घरी असेल तर त्याची धुऊन वाळवून दळलेली पिठी वापरा. ती चिकट असते, कळ्या तुटत नाहीत, मात्र पाणी २-३ चमचे कमी लागतं. नुसत्या इंद्रायणीचे मोदक वाफेत बसके होतात, म्हणून एक तृतीयांश साधा तांदूळ मिसळून दळा.

या उकडीला ओलं सारण अजिबात चालत नाही, मैद्यापेक्षाही नाजूक काम आहे. पालक पिळून वर तव्यावर २ मिनिटं कोरडा परतून घ्या.

उकड उरली तर त्यात जिरं, मिरची, कोथिंबीर मळून चपट्या निवगऱ्या करा. मोमोच्या गडबडीत पहिल्या त्याच संपतात.

---

शेपू_समर्थक

शेपूचा प्रश्न सगळ्यांनी टाळला, अपेक्षितच होतं!

शेपू चालतो का विचारता? उत्तर चीनमध्ये च्याओझमध्ये, म्हणजे तिकडच्या मोमोंमध्ये, बडीशेपेचा हिरवा पाला भरतात, ते तिथलं अगदी घरगुती, आवडीचं सारण आहे. शेपू दिसायला त्याचा सख्खा भाऊ आणि चवीलाही जवळचा, त्यामुळे पाककृती जशीच्या तशी बसते. तिथे जोडीला डुकराचं मांस किंवा अंडं असतं. आपल्याकडे अंडं खाणाऱ्यांनी अंडं, नाहीतर मुगाची डाळ.

अंड्याचं असं. १५० ग्रॅम शेपू, फक्त काड्यांवरची हिरवी पिसं, जाड देठ काढून. ३ अंडी चिमूटभर मीठ घालून फेटा आणि २ चमचे तेलात बारीक भुर्जी करा, पूर्ण कोरडी होईपर्यंत. पूर्ण गार होऊ द्या. गरम भुर्जीत शेपू घातला की तो तिथेच मलूल होऊन पाणी सोडतो. चिरलेल्या शेपूला दीड मोठा चमचा तेल चोळा, मग भुर्जी, आलं, मिरेपूड, शेवटी अर्धा चमचा मीठ. लसूण घालू नका. शेपू-लसूण भाजीत छान, पण बंद पारीत कोंडले की दोघं एकमेकांशी भांडतात.

डाळीचं करायचं तर पाव वाटी मुगाची डाळ १ तास भिजवून, निथळून, तव्यावर २ चमचे तेल आणि हिंगावर ४-५ मिनिटं परता. दाणा बोटाने चेपला गेला पाहिजे, पण अख्खा दिसला पाहिजे. ती सुटलेलं पाणी शोषते, म्हणून शेपूला पिळावंही लागत नाही.

शेपूचे मोमो वाफवण्यापेक्षा उकळून बघा. यासाठी गार पाण्याचं पीठ. २ लिटर उकळत्या पाण्यात १२ ते १५ सोडा, तळाला चिकटू नयेत म्हणून उलथन्याची पाठ एका दिशेने फिरवा. उकळी आली की अर्धी वाटी गार पाणी घाला. पुन्हा उकळी, पुन्हा अर्धी वाटी. असं तीनदा. खळखळ थांबते म्हणून पारी फुटत नाही, आणि चुण्यांपर्यंत शिजायला वेळ मिळतो. तिसऱ्या उकळीला फुगून वर तरंगले की काढा.

तव्यावरचा प्रकारही सांगतो. जाड बुडाच्या निर्लेप तव्यावर १ मोठा चमचा तेल, मोमो खेटून ठेवा, २ मिनिटांत तळ सोनेरी झाला की पाव वाटी पाणी घालून लगेच झाकण. पाणी उडतं, तोंड लांब ठेवा. ५-६ मिनिटांनी झाकण काढून चरचर थांबेपर्यंत ठेवा. ज्याचा तळ फाटतो त्याने हाच प्रकार करावा, इथे तळाचा कडक पापुद्राच होतो.

---

कढी_फुणके

एवढा पालक पिळून पाणी ओतायचं, मेथी पिळून पाणी ओतायचं, वर मैदा आणायचा. ताजी भाजी घरात आली आणि तिचा रस मोरीत? आपल्याकडे वाफवलेल्या गोळ्यांचे प्रकार काय कमी आहेत? त्यांत भाजीला सुटणारं पाणी हा दोष नाही, तेच पीठ भिजवायचं पाणी.

मेथीचे मुटके घ्या. २ वाट्या चिरलेली मेथी, तिला पाऊण चमचा मीठ चोळून १० मिनिटं ठेवा. पिळू नका. त्यातच १ वाटी ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी कणीक, पाव वाटी बेसन, २ मोठे चमचे दही, २ मोठे चमचे तेल, १ चमचा तीळ, अर्धा चमचा ओवा, हळद, तिखट आणि सुपारीएवढा गूळ. आधी हे सगळं नुसतं कालवा, मग पाणी लागलंच तर चमच्याने. ताज्या मेथीत बहुतेक वेळा दोन-तीन चमच्यांवर पाणी लागत नाही. गोळा हाताला किंचित चिकटणारा हवा. घट्ट झाला तर मुटके दगड होतात, लोक मग सोडा घालतात. मुठीत दाबून बोटांचे ठसे उठू द्या, त्या खळग्यांत नंतर फोडणी बसते. १५ ते १८ मिनिटं वाफ, सुरी घालून कोरडी आली की झाले. गार झाल्यावर कापायचे, गरम कापले की भुगा. मोहरी, तीळ, हिंगाच्या फोडणीत परतून कडा खरपूस करा.

आणि कांद्याच्या पातीचं सोनं करायचं तर फुणके. कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यात, पुढे खान्देशात कोणालाही विचारा. १ वाटी तुरीची डाळ ३-४ तास भिजवून, चाळणीत पूर्ण निथळून, पाणी न घालता भरड वाटायची. ५-६ मिरच्या, ८-१० लसूण पाकळ्या, १ चमचा जिरं वाटतानाच. त्यात दीड वाटी चिरलेली पात, मूठभर मेथी किंवा कोथिंबीर, हळद, मीठ, १ मोठा चमचा तेल. लांबट मुटके वळून १५ ते २० मिनिटं वाफवायचे. फार बारीक वाटलं तर आत गच्च बसतात, भरडच हवं. कुस्करून वर कच्चं तेल, आणि बाजूला ताकाची कढी. मोमोची लाल चटणी इथे लागत नाही.

---

वाफाळ

फुणक्यांना नाही म्हणणारा माणूस अजून जन्मायचाय. पण ताईंनी मोमो विचारलेत.

आणि रसाचं म्हणाल तर मेथीचं ठीक आहे, दही-गुळाने कडूपणा झाकला जातो. पालकाचे असे मुटके करून बघा, पीठ पाणी पितच राहतं आणि मुटका चिकट होतो. पालक घालायचाच तर मेथीच्या पावपट, त्याहून जास्त नको. चुका आणि अंबाडीला तर दोन्हीकडे बंदी. चुका शिजला की विरघळतो, आणि त्याच्या आंबटपणाने सोबतच्या पालकाचाही रंग जातो. लिंबूसुद्धा सारणात पिळू नका, चटणीत पिळा.

---

बांधावरून

काढणी, धुणं आणि फ्रीजर यावर थोडं.

पालक वीतभर पानाचा असताना काढलेला बरा. त्याहून मोठ्या पानाची मधली शीर दोरीसारखी होते, ती उकळत्या पाण्यातून काढूनही चिरली जात नाही आणि भरताना पारीला भोक पाडते. मोठं पान असेल तर शीर ओढून काढा. शेपू आणि मेथी फूल धरायच्या आत. थंडीत पहाटे दव असतं, ते सुकल्यावर काढा. दवाने भिजलेली जुडी पिशवीत कोंबली की मधून सडते.

मळ्यात फवारणी होत असेल तर कुठलं औषध, कधी मारलं हे विचारा. औषधाच्या लेबलवर फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जायला हवेत ते छापलेलं असतं. पालेभाजीत तेच पान पोटात जातं, तेव्हा धुऊन भागेल म्हणून ते दिवस कमी करू नयेत.

माती हा मळ्याच्या भाजीचा दुसरा त्रास. नळाखाली धरून माती निघत नाही. मोठ्या घमेल्यात भरपूर पाणी, भाजी बुडवून हलवा, २ मिनिटं थांबा. माती तळाला बसते. मग भाजी वरून उचलून घ्या, पाणी ओतू नका, नाहीतर तळातली माती परत पानांवर. तीन पाण्यांनी असंच, आणि तिसऱ्या पाण्याच्या तळाशी बोट फिरवून बघा. सारणात एक खडा लागला की पुढचे सगळे मोमो लोक भीतभीत चावतात. मेथीच्या मुळांना चिकटलेली माती बघता मुळं आधी तोडून मग धुवा, मुळांसकट कधीच नको.

फ्रीजरसाठी मोमो कच्चेच ठेवा, वाफवून नको. ताटात तांदळाची पिठी भुरभुरून एकमेकांना न लागता मांडा, २ तासांत दगडासारखे कडक झाले की पिशवीत भरा. करताना बाहेर काढून मऊ होऊ द्यायचे नाहीत. तसेच थेट जोरदार वाफेवर, ११ ते १२ मिनिटं. मऊ झाले की बर्फाचं पाणी पारीत मुरतं आणि पुन्हा तुमचा फाटका तळ. एकाच दाराच्या फ्रीजमधल्या बर्फाच्या कप्प्यात गोठायला वेळ लागतो, तिथले आठवड्यात संपवा. कच्ची पात गोठून सुटली की पाणी सोडते, म्हणून फ्रीजरच्या सारणात पात तेलावर मिनिटभर परतून घाला. शेपूचा वास गोठवल्यावर निम्मा होतो, त्याचे ताजेच खा.

खरं तर मोमो गोठवण्यापेक्षा पिळलेल्या पालकाचे गोळे गोठवणं सोपं. १८० ग्रॅमचा एक गोळा म्हणजे एका वेळचं सारण. बाहेर काढून सुटू द्या, परत एकदा पिळा आणि वापरा.

---

मळ्याची_वाट

वरच्या मापाने पालक-मेथीचे केले. ताटात पाणी नाही, पालक हिरवा, तळ एकही फाटला नाही. मेथी अजून किंचित कडू, पण खाताना चांगली लागली. राहिलं ते एवढंच की काही मोमोंचा माथा अजूनही जाडच लागला. ८ ऐवजी १० मिनिटं करू का? आणि चटणी कोणी सांगितली नाही.

---

पोळपाट_लाटणं

मिनिटं वाढवू नका, चुण्या मोजा. ८ सेंटीमीटरच्या पारीला दहा-बाराच पुरतात. शेवटी माथ्यावर पीठ पिळून जो शेंडा उरतो तो चिमटीने तोडून टाका. मोदकाचं नाक ठेवायची सवय असते, मोमोला नाक नको.

चटणीला ४ पिकलेले टोमॅटो, ६ सुक्या लाल मिरच्या आणि ८ लसूण पाकळ्या ५-६ मिनिटं उकळा. टोमॅटोची सालं काढा, २ चमचे भाजलेले तीळ, मीठ आणि अर्धा चमचा साखर घालून वाटा. उकळलेलं पाणी वाटताना घालू नका, चटणी पळी-वाढी झाली की मोमोवर थांबत नाही. गार झाल्यावर लिंबू.